एक नाव, अनेक विष्णु

काही दिवसांपूर्वी एका उत्तरपत्रिकेत विष्णुशास्त्र्यांनी निबंधमाला काढली व विधवाविवाहाचा हिरिरीने पुरस्कार केला, अशा अर्थाचे वाक्य आमच्या वाचनात आले. विद्यार्थी हुशार होता; दोन्ही गोष्टी त्याने वर्गातच ऐकल्या होत्या. मात्र त्याने दोन थोर पुरुषांचा मिळून एक पुरुष केला होता. आम्ही नियमाप्रमाणे गुण कापले खरे, परंतु नंतर मनाशी विचार करता या चुकीतील अर्धा वाटा आमच्याच पदरी येतो असे दिसून आले. वर्गात शिकविताना आम्हीही ‘विष्णुशास्त्री’ एवढेच म्हणून पुढे जातो.

हे दोन विष्णुशास्त्री कोण ते प्रथम पाहू. विष्णु परशुराम पंडित (१८२७–१८७६) हे ‘इंदुप्रकाश’चे संपादक. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या विधवाविवाहविषयक ग्रंथाचे त्यांनी मराठी भाषांतर केले, त्या प्रश्नावर ठिकठिकाणी शास्त्रार्थ केला, आणि प्रथम पत्नीच्या निधनानंतर स्वतः एका विधवेशी विवाह करून बोलल्याप्रमाणे वागून दाखविले. विष्णु कृष्ण चिपळूणकर (१८५०–१८८२) यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली व सुधारकपक्षावर आपल्या तेजस्वी लेखणीने प्रखर हल्ला चढविला. म्हणजे १८७४ ते १८७६ या काळात हे दोघे महाराष्ट्रात एकाच वेळी वावरत होते, आणि सामाजिक सुधारणेच्या वादात त्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना होती. दोघांना एक करून टाकणारा विद्यार्थी केवळ एक नाव चुकत नाही. त्या काळातील सारा वादच तो पुसून टाकतो. त्याच पिढीत विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) हे तिसरे विष्णु होते. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी झालेले त्यांचे वादविवाद प्रसिद्धच आहेत.

नामसादृश्याचा हा घोटाळा शाळेच्या चार भिंतींतच राहिला असता तर त्याची एवढी चिंता नव्हती. परंतु मोठमोठ्या गाथांतही तो शिरलेला आहे. संत नामदेव (१२७०–१३५०) आपल्या अभंगांत पुष्कळदा ‘विष्णुदास नामा’ अशी नाममुद्रा घालतात. पुढे सोळाव्या शतकात, एकनाथांच्या काळी, विष्णुदास नामा याच नावाचा एक कवी झाला. त्याने महाभारत ओवीबद्ध केले. नाममुद्रा एकच असल्यामुळे या कवीची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळून गेली, आणि ती निवडून काढता काढता संशोधकांची पुरेवाट झाली. यात नामदेवांची थोरवी उणावत नाही. उणावतो तो दुसरा. स्वतःचे नाव असूनही ज्याचे लेखन दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, अशा कवीवर काळाने केलेला हा अन्यायच म्हटला पाहिजे.

आम्हा शहापूरकरांना एका विष्णुदासाचे विशेष अगत्य आहे. आमचे शहापूर बेळगावला अगदी लागून असले, तरी संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात मोडत असे. त्या संस्थानाचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाला विष्णु अमृत भावे होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते राजेसाहेबांना आवडले, आणि तसे काही मराठीत करावे अशी त्यांची इच्छा झाली. त्यातून १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले व विष्णुदास भावे हे मराठी नाटकाचे जनक ठरले. कानडी खेळ पाहून मराठी नाटक जन्मास यावे, आणि तेही ज्या संस्थानात दोन्ही भाषा बोलणारी प्रजा नांदत होती तेथे, ही गोष्ट या सीमेवर राहणाऱ्यांनी विसरू नये अशी आहे.

संगीताच्या क्षेत्रातही असेच एक युगुल भेटते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे, व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून घराण्याघराण्यांतील चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि रागांची दहा थाटांत व्यवस्था लावली. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) जन्माने आमच्या शेजारच्या कुरुंदवाडचे. त्यांनी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ विद्या घेतली आणि १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. एक शास्त्रकार, दुसरा गायक व प्रचारक. दोघांच्या स्वरलेखनपद्धतीही भिन्न. तरीही संगीत ही मूठभर घराण्यांची ठेव न राहता शिकणाऱ्या प्रत्येकास मिळावी, हा ध्यास दोघांचाही. येथे नावाबरोबर कार्यही जवळचे असल्यामुळे नवशिक्याची गफलत होते, आणि ‘विष्णूंची स्वरलिपी’ म्हणजे कोणाची, हे विचारल्यावाचून कळत नाही.

भातखंड्यांनी आपल्या काही ग्रंथांवर ‘विष्णुशर्मा’ असे नाव घातले. हे नाव आपणांस थेट पंचतंत्राकडे नेते. राजा अमरशक्तीच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करीन, अशी प्रतिज्ञा करणारा विष्णुशर्मा तो हाच. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातील चाणक्याचेही एक नाव विष्णुगुप्त. हरिभाऊ आपट्यांच्या ‘चंद्रगुप्त’ कादंबरीमुळे तो चाणक्य मराठी वाचकांच्या घरचाच झाला. वाङ्मयातले हे दोन्ही विष्णु पेशाने गुरू, आणि दोघांचेही शिष्य राजकुळातले. परंतु एकाने कथा सांगून शिकविले, तर दुसऱ्याने डावपेच लढवून. एकच नाव असूनही स्वभाव किती निराळे असू शकतात, हे वर्गात समजावून सांगण्यास यापरते दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल.

आता आधुनिक साहित्याकडे वळू. मराठीला पहिले ज्ञानपीठ पारितोषिक १९७४ चे, ते ‘ययाति’कार विष्णु सखाराम खांडेकर यांना मिळाले. दुसरे १९८७ चे, ते विष्णु वामन शिरवाडकर यांना. पहिले दोन्ही मानकरी विष्णु, हा योगायोग पुष्कळांच्या ध्यानात असेल. परंतु त्यातील खरी मौज पुढेच आहे. खांडेकरांचे जन्मनाव गणेश आत्माराम. शिरवाडकरांचे गजानन रंगनाथ. दोघेही जन्माने गणपतीच्या नावाचे, दोघेही आपल्याच कुळात दत्तक गेले, आणि दत्तविधानानंतर दोघांचेही नाव विष्णु झाले. त्यातही शिरवाडकरांनी कवितेसाठी ‘कुसुमाग्रज’ हे तिसरेच नाव घेतले. त्यांच्या ‘नटसम्राट’ नाटकाचा नायक मात्र गणपतराव बेलवलकर आहे. यावरून काही निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. केवळ नोंद म्हणून सांगितले.

दत्तकाच्या या दोन उदाहरणांवरून आपल्या नामपद्धतीचे मर्म ध्यानात येते. आपल्याकडे नावे थोडी व माणसे फार. आजोबांचे नाव नातवास ठेवावे, कुलदैवताचे नाव घरात फिरते असावे, ही जुनी चाल. त्यामुळे एकाच गल्लीत हाक मारताच तीन-चार विष्णूंनी ‘ओ’ द्यावी, हे ठरलेलेच. ही अडचण ओळखूनच आपण नाव आणि आडनाव यांच्यामध्ये बापाचे नाव बसविले. खांडेकर व शिरवाडकर यांच्या बाबतीत दत्तविधानाने पहिले नाव बदलले, तसे मधले नावही बदलले. सखाराम आणि वामन ही दत्तक घेणाऱ्या वडिलांची नावे होत. मधले नाव हे शोभेचे नव्हे. माणूस कोणाच्या घरचा, हे सांगणारे ते नाव आहे.

म्हणून आमच्या सहकारी शिक्षकांना आम्ही एक लहानसा पाठ सुचवितो. कोणत्याही थोर पुरुषाचे वा स्त्रीचे नाव प्रथमच फळ्यावर लिहिताना ते पूर्ण लिहावे. त्याखाली गाव, काल आणि एखादे मुख्य कार्य नोंदवावे. यास दोन मिनिटेही लागत नाहीत. आमच्या भागात घरी एक भाषा, कचेरीत दुसरी आणि पाटीवर तिसरी, अशी मुलांची स्थिती आहे. मराठी साहित्यपुरुषांची ओळख त्यांना बहुशः शाळेतच व्हावयाची. ती अर्ध्या नावावर झाली, तर पुढे ती पुरी करून देणारे दुसरे कोणी त्यांस भेटेलच असे नाही.

ज्या विद्यार्थ्याच्या उत्तरावरून हा लेख सुचला, त्याला आम्ही बोलावून दोन्ही विष्णुशास्त्र्यांची पूर्ण नावे लिहावयास सांगितली. ती लिहून झाल्यावर त्याने आपण होऊनच विचारले, की मग या दोघांचे एकमेकांशी पटत होते काय? हा प्रश्न त्याला आधी पडणे शक्यच नव्हते. दोन माणसे वेगळी झाली, तेव्हाच तो त्याला विचारता आला.