ताप मोजा, औषधही मोजा

‘ताप किती होता?’ असे विचारले की दवाखान्यात हमखास उत्तर मिळते, ‘हाताला चटका बसत होता, डॉक्टर.’ आणि औषध किती दिले? ‘एक चमचा.’ या दोन्ही उत्तरांवरून मला फारसा बोध होत नाही.

लहान मूल असलेल्या घरात थर्मामीटर हवाच. डिजिटल घ्यावा, पारा सांडण्याची भीती नाही. काख कोरडी करून टोक मधोमध ठेवा, हात छातीशी धरा, आवाज येईपर्यंत थांबा. काखेत ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा अधिक भरल्यास ताप समजावा. वेळ, ताप आणि दिलेले औषध कागदावर लिहावे. म्हणजे रात्री आईने दिलेला डोस पहाटे आजीकडून पुन्हा दिला जात नाही.

मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर प्रत्येक तापाला औषध लागत नाही. ते किरकिरे झाले, अंग दुखू लागले तर पॅरासिटामॉल द्यावे. डोस वजनावर ठरतो : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान ४ तासांचे अंतर ठेवावे. २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नकोत.

खरा घोळ बाटलीत होतो. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात २५०. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम! १० किलोच्या मुलाला पहिल्या सिरपचे ५ मिलिलिटर योग्य. थेंबांचे तेवढेच दिले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. जादा पॅरासिटामॉल यकृताला इजा करते. म्हणून लेबल वाचा, बाटलीसोबतच्या मापानेच औषध द्या. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असते, हे विसरू नका. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइडला १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे.

गोधडीत गुंडाळू नका. सैल सुती कपडे पुरेत. बर्फाचे पाणी, कोलनवॉटरच्या पट्ट्या टाळा. अंगावरचे दूध, पेज, डाळीचे पाणी थोडे थोडे देत राहा. झटके आले तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, दवाखाना गाठा.

३ महिन्यांखालील बाळाला ताप आला की वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या. मोठे मूल मलूल झाले, धाप लागली, मान ताठली, अंगावर न फिकटणारे लाल-जांभळे डाग उठले, सारखी उलटी झाली, ६-८ तास लघवी झाली नाही, तर रात्र असली तरी निघा. ताप दोन दिवसांहून जास्त टिकला, तरीही दाखवा. पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू तपासावा लागतो. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढू शकतो, तेव्हा ताप गेला म्हणून गाफील राहू नका.

आणि येताना औषधाची बाटली आणि तो नोंदीचा कागद सोबत आणा. आमचे निम्मे काम तिथेच होते.