उतारवयातील नैराश्य आणि संवादोपचार

सेवानिवृत्ती, जोडीदाराचा वियोग, दूरदेशी गेलेली मुले आणि वाढती आजारपणे यांमुळे उतारवयात मन खचते. ही उदासी ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ म्हणून दुर्लक्षिली जाते. वस्तुतः नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. मात्र बरा झाल्यावर तो पुन्हा उलटू शकतो. म्हणूनच औषधांच्या जोडीने संवादोपचाराला महत्त्व आहे.

संवादोपचार म्हणजे केवळ धीर देणे किंवा उपदेश करणे नव्हे. त्यातील समस्या-निराकरण पद्धतीत व्यक्ती आपली एक अडचण नेमकी मांडते, तिच्यावरील उपाय स्वतःच सुचविते, त्यांपैकी एक अमलात आणते आणि पुढील भेटीत फलिताचा आढावा घेते. ‘माझ्या हाती काही उरले नाही’ ही भावना अशा लहान लहान यशांनी ओसरू लागते.

या पद्धतीचा उत्तम प्रत्यय गोव्यात आला. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल प्रभृतींचा तेथील अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या, साठी उलटलेल्या 181 व्यक्ती त्यात सहभागी होत्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य नागरिक होते. समस्या-निराकरणाबरोबरच चांगली झोप, मधुमेहासारख्या आजारांत घ्यावयाची काळजी आणि शासकीय योजनांचा लाभ यांबाबतही ते साहाय्य करीत. वर्षअखेर समुपदेशन लाभलेल्या 91 जणांपैकी 4 जणांना, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्या 90 जणांपैकी 13 जणांना तीव्र नैराश्याने गाठले.

हा अभ्यास आजार बळावण्यापूर्वीच्या प्रतिबंधाचा होता. एकदा नैराश्यातून सावरलेल्यांसाठी विचार व वर्तन यांवर भर देणारे, तसेच सजगतेवर आधारलेले संवादोपचार उपयुक्त ठरतात. झोप उडणे, भेटीगाठी टाळणे, आवडत्या गोष्टींत मन न रमणे या पूर्वखुणा ओळखण्यास रुग्ण त्यांतून शिकतो. बरे वाटू लागताच औषधे परस्पर बंद करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

लखनौच्या जानकीपुरमसारख्या वसाहतींतील ज्येष्ठांसाठी त्याच शहरातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. देशभरातील नागरिकांसाठी केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही 14416 क्रमांकाची निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे.

नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी अनेक निवृत्तिवेतनधारक शाखेत येतात. एरवी मनमोकळे बोलणारे ग्राहक अबोल झालेले दिसले, तर आपुलकीने चौकशी करावी व योग्य मदतीचा मार्ग सुचवावा. उपचार तज्ज्ञच करतील. पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे पहिले पाऊल अशा चौकशीतूनच पडू शकते.