वरचा टूलबार खाली गेला तेव्हा

वेब डिझाइनसाठी फिग्मा हे सॉफ्टवेअर शिकायला बसलेल्या नवख्याची पहिली अडचण हल्ली ठरलेली असते. व्हिडिओतला शिक्षक म्हणतो, ‘वरच्या टूलबारमधून फ्रेम घ्या.’ विद्यार्थी वर बघतो, तर तिथे टूलबारच नाही. २०२४ मध्ये फिग्मानं आपली मांडणी बदलली आणि आधी माथ्यावर असलेला टूलबार पडद्याच्या तळाशी नेऊन ठेवला. त्याआधीचे व्हिडिओ मात्र जागच्या जागी आहेत, आणि वर्षानुवर्षं बघितले गेल्यामुळे शोधात पुष्कळदा तेच आधी समोर येतात. वर्डप्रेसमध्ये हे आधीच घडून गेलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० ही आवृत्ती आली, लिहायची जुनी खिडकी गेली आणि तिच्या जागी ब्लॉक एडिटर आला. २०१६ चा धडा लावून आज वेबसाइट करायला बसलेला माणूस जुनं वेळापत्रक घेऊन एसटी स्टँडवर उभा राहिल्यासारखा असतो. गाडी लागत नाही, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत राहतं.

वेब डिझाइन घरबसल्या आणि पुष्कळसं फुकट शिकता येतं, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. धडे उदंड आहेत. त्यांतला कुठला उघडायचा, हे मात्र कुणी शिकवत नाही.

धडा निवडण्याआधी या धंद्यात सॉफ्टवेअरचं आयुष्य किती असतं, ते एकदा बघून घ्यावं. मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये व्हर्मियर ही कंपनी घेतली आणि तिचं फ्रंटपेज आपल्या नावानं विकलं. साधारण दहा वर्षांत ते बंद झालं. मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर १९९७ च्या अखेरीस आलं आणि २००५ मध्ये खुद्द मॅक्रोमीडियाच अडोबीच्या पोटात गेली. त्या काळात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर ‘वेब डिझायनिंग’ म्हणजे ड्रीमवीव्हर, फ्लॅश आणि फोटोशॉप असं समीकरणच होतं. त्यातलं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. फायरवर्क्सवरचं काम अडोबीनं २०१३ मध्येच थांबवलं होतं. एक अक्षर कोड न लिहिता साइट करून देतो म्हणणारं म्यूज २०१८ मध्ये गुंडाळायचं ठरलं. मग पडद्यांचे आराखडे करायच्या अडोबीच्याच एक्सडीची पाळी आली. २०२२ मध्ये अडोबीनं प्रतिस्पर्धी फिग्माच २० अब्ज डॉलरना विकत घ्यायचा करार केला. युरोप आणि ब्रिटनमधल्या नियामकांच्या हरकतींमुळे तो डिसेंबर २०२३ मध्ये मोडला, पण तोवर एक्सडी स्वतंत्रपणे विकणं बंद झालेलं होतं. म्हणजे एक्सडीचा शंभर भागांचा कोर्स ज्यानं पाठ केला, त्याच्या हातात काय उरलं?

काही ना काही उरलं असेल, जर शिक्षक चांगला असेल तर. कारण ही सगळी सॉफ्टवेअरं ज्या दोन गोष्टींसाठी राबतात, त्या गेल्या नाहीत. एचटीएमएल पानात काय आहे ते सांगतं, सीएसएस ते कसं दिसावं ते सांगतं. हॉकोन व्हियुम ली यांनी सीएसएसची कल्पना ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली. पहिलं प्रमाण डिसेंबर १९९६ मध्ये ठरलं. त्यातले मार्जिन आणि पॅडिंग आजही तेच काम करतात. नंतर भर पडत गेली. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी एकच पान मोबाइलवर आणि मोठ्या पडद्यावर नीट बसवण्याची रीत मांडली, २०१७ मध्ये पानाची ओळी-रकान्यांत मांडणी करणारं ग्रिड मोठ्या ब्राउझरांत आलं. पण जुनं ज्याला येत होतं त्याचं काही वाया गेलं नाही.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी: शिक्षक बटण दाखवतो की त्या बटणामुळे काय घडतं ते सांगतो? फिग्मातलं ‘ऑटो लेआऊट’ घ्या. ते २०१९ च्या शेवटी आलं. एक शिक्षक म्हणतो, ‘शिफ्ट आणि ए दाबा, इथे सोळा टाका, तिथे आठ टाका, झालं बटण.’ दुसरा आधी विचारतो, ‘बटणावरचा मजकूर उद्या लांबला तर बटणानं काय करावं?’ मग सांगतो, की रुंदी आपण ठरवायची नाही. मजकुराला ठरवू द्यायची आणि आपण फक्त भोवतीची मोकळी जागा नेमून द्यायची. दुसऱ्याकडे शिकलेल्याला सीएसएसमधली फ्लेक्सबॉक्स ही मांडणीची पद्धत अर्धी आधीच समजलेली असते, कारण मुळातली कल्पना तीच आहे. वेबफ्लो या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला तर तिथल्या पॅनेलवर हीच नावं असतात. पहिल्याकडे शिकलेल्याजवळ दोन आकडे असतात, सोळा आणि आठ.

ही कसोटी लावायला अख्खा कोर्स बघावा लागत नाही. मधलाच एखादा भाग उघडावा, पाच मिनिटं ऐकावं. ‘का’ हा शब्द एकदाही आला नाही तर पुढे जावं. नमस्कार-चमत्कार, चॅनेलला सबस्क्राइब करण्याची विनवणी आणि संगीत यांत तीन मिनिटं घालवणाऱ्याला मी आणखी मिनिटभर देतो, पण तेवढंच.

दुसरी कसोटी, शिक्षक चुकणं आणि सावरणं दाखवतो का ही, मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यामागे बरंच जुनं संशोधन आहे. १९८० च्या दशकात आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी, ऑफिसात काम करणारी माणसं वर्ड प्रोसेसर कसा शिकतात ते बघत होते. कंपनीनं जाडजूड मार्गदर्शिका दिलेल्या होत्या, पायरीपायरीनं लिहिलेल्या. माणसं त्या वाचतच नव्हती. दोन पानं चाळून थेट काहीतरी टाइप करायला घ्यायची, अडकायची, आणि अडकल्यावर पुस्तकात त्या अडकण्याबद्दल एक ओळही सापडायची नाही. कारण सगळं बरोबर चाललंय असं धरूनच ते लिहिलेलं होतं. कॅरोल यांनी मग उलटं केलं. प्रस्तावना आणि फापटपसारा काढून टाकला, पहिल्या पानापासून खरं काम दिलं, आणि कुठे घसरण्याची शक्यता आहे, घसरल्यावर बाहेर कसं यायचं, हे जागोजागी लिहिलं. एवढीशी ती मार्गदर्शिका जाड पुस्तकापेक्षा सरस ठरली. १९९० मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला न्युर्नबर्गच्या दंतकथेतल्या नरसाळ्याचं नाव दिलं. डोक्यात लावून ज्ञान ओतायचं ते नरसाळं.

आजच्या बऱ्याच व्हिडिओंत तेच नरसाळं आहे. संपादनात शिक्षकाच्या सगळ्या चुका कापून टाकलेल्या असतात. त्याचा फोटो पहिल्या फटक्यात चौकटीत बसतो, मेन्यू मोबाइलवर आपोआप उघडतो. आपल्याकडे मात्र फोटो बाहेर सांडतो आणि मेन्यू उघडतच नाही. जो शिक्षक मध्येच ‘अरे, हे का हललं?’ म्हणतो, शोधतो आणि दुरुस्त करून दाखवतो, तो आपल्याला धंद्यातलं रोजचं काम शिकवत असतो. असे व्हिडिओ दिसायला जरा गबाळे असतात. मला तेच आवडतात.

लांबीचं काय? २०१४ मध्ये फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरची व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही मोठा असो, सर्वसाधारण विद्यार्थी फार तर सहा मिनिटं टिकतो, असं त्यांना दिसलं. दुसरं निरीक्षण आपल्या जास्त कामाचं आहे: व्याख्यान माणसं एकदा बघतात, पण ‘कसं करायचं’ दाखवणाऱ्या व्हिडिओकडे पुन्हापुन्हा येतात, हव्या त्या जागी. म्हणजे बारा तासांचा ‘संपूर्ण कोर्स’ एका पट्टीत असेल आणि त्याला प्रकरणांच्या खुणा नसतील, तर महिन्याभरानं ‘ते ग्रिडचं कुठे सांगितलं होतं’ हे शोधताना जीव जाईल. लेखी धड्यात ते अर्ध्या मिनिटात सापडतं. म्हणून ओळख व्हिडिओतून आणि रोजचा आधार लेखी, अशी विभागणी बरी पडते.

लेखी आधारासाठी मोझिलाचं एमडीएन हे संकेतस्थळ सर्वांत भरवशाचं. प्रत्येक पानाच्या तळाशी ते शेवटचं कधी सुधारलं याची तारीख असते आणि कुठली गोष्ट कुठल्या ब्राउझरात चालते याचा तक्ता असतो. डब्ल्यूथ्रीस्कूल्स हे नॉर्वेतल्या एका कंपनीचं संकेतस्थळ. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीशी त्याचा काही संबंध नाही, नाव मात्र तसं वाटतं. २०११ मध्ये काही जाणकारांनी त्यातल्या चुकांची जाहीर यादी केली होती. पुढे सुधारणा झाल्या, आणि पटकन एखादी गोष्ट करून बघायला ते आज सोयीचं आहे. सॉफ्टवेअरचे धडे मात्र शक्यतो बनवणाऱ्याच्याच दारी बघावेत. फिग्मा, वेबफ्लो, वर्डप्रेस या तिघांचेही स्वतःचे मोफत धडे आहेत. ते रंजक असतीलच असं नाही, पण टूलबार कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं.

बाहेरचा व्हिडिओ घ्यायचाच तर शोधाच्या गाळणीत ‘या वर्षी’ निवडा. यूट्यूबनं नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा लपवला, त्यामुळे वाईट धडा एका नजरेत ओळखण्याची खूण गेली. आता खालच्या प्रतिक्रिया ‘सर्वांत नव्या’ क्रमानं लावून बघायच्या. धडा शिळा झाला असेल तर ‘हा पर्याय आता दिसत नाही’ असं कुणीतरी लिहिलेलं सापडतंच. सरावाच्या फाइल दिल्या आहेत का, हेही बघावं.

पैसे कुठे द्यायचे? सदा ‘आजच संपणारी’ सवलत चालू असलेल्या कोर्सला घाई करू नये, एवढं म्हणतो. प्रमाणपत्राची तर अजिबात हाव नको. काम देणारा तुमचं काम बघायला मागतो. लिंडा वाइनमन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं धड्यांचं संकेतस्थळ २०१५ मध्ये लिंक्डइननं दीड अब्ज डॉलरना घेतलं, ते आज लिंक्डइन लर्निंग म्हणून पैसे घेऊन चालतं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी पैसे भरण्याआधी आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी; तिथल्या अनेक वाचनालयांच्या कार्डावर ते मोफत मिळतं.

आणि मराठीतून? पवईच्या आयआयटीतला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प पुष्कळांना माहीतच नसतो. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा उपक्रम केंद्र सरकारच्या पैशावर चालत आला. धडे साधारण दहा मिनिटांचे, विषय मुख्यतः मुक्त सॉफ्टवेअर: गिंप, इंकस्केप, ड्रुपल वगैरे. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की आवाज मराठीत येतो, पण पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहतं, कारण नोकरीत तेच वापरायचं असतं. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर स्वतःचं काम, आणि शिक्षकाच्या पडद्यावर जे घडतं ते आपल्या पडद्यावर घडलं की पुढे. चकचकीतपणा शून्य. काही मालिका जुन्या आवृत्त्यांच्या आहेत, तेव्हा तारखेची कसोटी इथेही लावावी. पण इंग्रजीच्या धास्तीनं थबकलेल्याला यासारखी सुरुवात नाही.

एक विषय मात्र इंग्रजी धड्यांत जवळजवळ कधीच येत नाही: देवनागरी. तिथला शिक्षक सांगतो, मथळ्याची अक्षरं जरा सुटी करा, भारदस्त दिसतात. मराठी मथळ्याला ते लेटर-स्पेसिंग लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबू लागतात. तो सांगतो, मोठ्या मथळ्यात ओळी जवळ आणा. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. मराठीला दोन ओळींत जास्त अंतर लागतं. त्यानं सुचवलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतील तर ब्राउझर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. त्यापेक्षा मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखे फॉन्ट घ्यावेत. ते मोफत आहेत. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे असं नमूद केलं, तर काही फॉन्ट हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. हे सांगणारा व्हिडिओ मिळणं कठीण.

म्हणून कुठलाही धडा करून झाला की त्यातला इंग्रजी नमुना-मजकूर पुसावा आणि आपल्या कामाचा खरा मराठी मजकूर घालून, खिडकी मोबाइलएवढी अरुंद करून बघावं. मथळ्यात ‘होम’च्या जागी ‘जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक’ टाका, ‘सबमिट’च्या जागी ‘अर्ज दाखल करा’. बटण स्वतःहून रुंदावलं तर त्याच शिक्षकाचा पुढचा धडा लावायला हरकत नाही.