दादा म्हणजे कोण रे भाऊ?

बालमित्रांनो, ‘दादा’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? मोठा भाऊ, होय ना? आपल्या खाऊत वाटा मागणारा, पण कुणी त्रास दिला तर पाठीशी उभा राहणारा!

आता समजा, तुमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. वडिलांना चाकणच्या कारखान्यात काम मिळालं, म्हणून सगळं घर बिहारहून इकडं आलं. बाईंनी ‘माझे कुटुंब’ यावर पाच वाक्यं सांगायला लावली. तो उभा राहिला आणि म्हणाला, “माझे दादा सत्तर वर्षांचे आहेत. त्यांना दात नाहीत.” झालं! सगळा वर्ग खो खो हसला. तो खाली बसला, तो पुढं कितीतरी दिवस तोंड उघडेना. पण त्याचं चुकलं काय? काहीच नाही. हिंदीत ‘दादा’ म्हणजे वडिलांचे वडील, म्हणजे आपले आजोबा!

बंगालीत मात्र दादा आपल्यासारखाच, मोठा भाऊ. म्हणून तर कोलकात्याचा सौरव गांगुली साऱ्या क्रिकेटवेड्यांचा ‘दादा’ झाला. १९४७ च्या फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबं येऊन राहिली. पुण्याच्या साधू वासवानी मिशनचे जे. पी. वासवानी (१९१८-२०१८) यांना सिंधी लोक आदरानं ‘दादा’च म्हणत.

मग या गोड शब्दाला धाकाचा अर्थ कसा चिकटला? विचार करा. घरात मोठा भाऊ हुकूम सोडतो आणि धाकटे ऐकतात. मुंबईच्या गिरणगावात गल्लीवर असाच हुकूम चालवणाऱ्या दांडगटांना लोक ‘दादा’ म्हणत. त्यांचं वागणं म्हणजे दादागिरी. पण शेवटच्या ‘गिरी’चं नशीब बघा हं! २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा चित्रपट आला आणि ‘गांधीगिरी’ हा प्रेमाचा शब्द घरोघरी पोचला.

आता जरा देशाबाहेर डोकावू. इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं तान्हं बाळ आपल्या बाबांना ‘डाडा’ म्हणतं. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत ‘दादा’ म्हणजे चक्क बहीण! आणि फ्रेंच छोटी मुलं घोड्याला ‘दादा’ म्हणतात. आहे की नाही गंमत?

असं का होतं? बाळ बोलायला लागतं तेव्हा मामा, बाबा, दादा असे सोपे आवाज आधी निघतात. बाळाला त्यांचा अर्थ ठाऊक नसतो. घरची मोठी माणसं मात्र खूश होऊन म्हणतात, “अगंबाई, मला हाक मारली!” रोमान याकबसन या भाषापंडितानं १९६० साली एका निबंधात हेच उलगडून दाखवलं. आवाज बाळाचा, अर्थ मोठ्यांचा! कुठं तो भावाला मिळाला, कुठं आजोबांना, तर कुठं बहिणीला.

नात्यांचे आणखी शब्द घ्या. आपली ‘ताई’ मोठी बहीण. हिंदीत ‘ताई’ म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आणि कानडीत ‘तायी’ म्हणजे आई. आपले ‘काका’ मिशीवाले, तर पंजाबी ‘काका’ म्हणजे छोटा मुलगा!

आणि पालकहो, ही गंमत तुमच्यासाठीही आहे. शेजारचे हिंदी बोलणारे गृहस्थ शाळेत येऊन म्हणाले, “बच्चे को अच्छी शिक्षा दीजिए,” तर छड्या मोजू नका. त्यांना शिक्षण हवंय! मराठीत ‘यातायात’ म्हणजे दगदग, हिंदीत रस्त्यावरची वाहतूक. अर्थात, संध्याकाळी चाकण चौकात अडकलेल्यांना दोन्ही अर्थ एकच वाटतील म्हणा!

मुलांनो, आता एक काम करा. वहीच्या पानावर रकाने आखा. दादा, ताई, काका, बाबा, नाना हे शब्द एका बाजूला लिहा. आपल्या चाळीत, सोसायटीत कोण कुठून आलंय ते शोधा आणि प्रत्येकाला विचारा, “तुमच्या भाषेत हा कोण?” सुरुवात करा वर्गातल्या त्या गप्प बसणाऱ्या मुलापासून. त्याला म्हणा, “तुझ्या दादांची गोष्ट सांग ना!” बघा, किती भरभरून बोलतो तो!