मुलं ‘व्हेगन मीटअप’ला जातात, तिथं नेमकं काय चालतं?

मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींपैकी काही जण हल्ली सुटीच्या दिवशी ‘व्हेगन मीटअप’ला जातात. घरी येऊन चहात दूध नको म्हणतात. बकरी ईद जवळ आली की दस्तरख्वानावर वाद सुरू होतो. अब्बा म्हणतात, पोरगं दीनपासून लांब चाललं. पोरगं म्हणतं, तुम्हाला जनावराची दया नाही. दोघांनाही एकमेकांचं म्हणणं पुरतं ठाऊक नसतं. म्हणून हा विषय आम्ही इथे समजावून सांगत आहोत.

व्हेगन म्हणजे शाकाहारी नव्हे

आपल्याकडचा शाकाहारी माणूस दूध, दही, तूप, पनीर खातो. व्हेगन यातलं काहीच खात नाही. अंडी आणि मधही नाही. चामड्याचे बूट, लोकर, रेशीमसुद्धा तो टाळतो. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या साथीदारांनी ‘व्हेगन सोसायटी’ स्थापन केली. शाकाहारी असूनही ज्यांना दूध-अंडी पटत नव्हती, अशी ही मंडळी. 1994 पासून 1 नोव्हेंबर हा जागतिक व्हेगन दिन म्हणून पाळला जातो.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘शाकाहारी तेवढे दयाळू आणि मांसाहारी क्रूर’ हा आपल्याला अनेकदा ऐकावा लागणारा सूर व्हेगन विचारात बसतच नाही. खऱ्या व्हेगनचा आक्षेप दूधधंद्यावरही तितकाच असतो. दुधासाठी गाय-म्हैस पुन्हा पुन्हा गाभण ठेवावी लागते आणि नर वासरू किंवा रेडकू मालकाला परवडत नाही, असं त्याचं म्हणणं.

मेळावे कशासाठी?

असं खाणारा माणूस घरात, ऑफिसात बहुतेक वेळा एकटाच असतो. दावतीत त्याच्या ताटात सलाड सोडून काही पडत नाही. म्हणून सारख्या विचारांचे लोक एकमेकांना शोधतात. अनोळखी लोकांनी इंटरनेटवर ओळख काढून प्रत्यक्ष भेटावं, यासाठी 2002 साली न्यूयॉर्कमध्ये ‘मीटअप’ नावाची सेवा सुरू झाली. त्यावरून अशा भेटींनाच ‘मीटअप’ म्हणायची सवय पडली. आता व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरूनही त्या ठरतात.

तिथं जे चालतं ते साधंच असतं. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा आणि मिळून खायचं. कुणी सोयाबीनचा खिमा आणतं, कुणी नारळाच्या दुधातली खीर. कधी एखादी फिल्म दाखवतात, कधी भटक्या कुत्र्या-मांजरांना घर मिळवून द्यायचं ठरतं. काही गट रस्त्यावर उभे राहून कत्तलखान्यांचे, पोल्ट्रीचे व्हिडिओही दाखवतात.

दया आणि हक्क, यात फरक आहे

या मेळाव्यांत दोन वेगळे विचार एकत्र दिसतात. पहिला प्राणीकल्याणाचा: जनावर वापरा, पण हाल करू नका. दुसरा प्राणीहक्कांचा: जनावर माणसाच्या वापरासाठी नाहीच, त्यामुळे दूधही नको आणि मांसही नको.

आपला दीन पहिल्या विचाराच्या फार जवळ आहे. जमिनीवर चालणारे जीव आणि उडणारे पक्षी याही तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, असा आशय सूरह अल-अनआममध्ये आला आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची बख्शिश झाली आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाला, या हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. जबह करतानाही सुरी धारदार असावी, जनावराला त्रास होऊ नये, अशी ताकीद आहे. इंग्लंडमधल्या वोकिंगच्या शाहजहान मशिदीचे इमाम राहिलेले अल-हाफिज बशीर अहमद मसरी यांनी तर 1989 साली याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि कोंडून केल्या जाणाऱ्या पशुपालनावर कडक टीका केली.

दुसरा विचार मात्र आपल्याला पूर्ण मान्य होणार नाही, कारण हलाल जनावराचं मांस अल्लाहने जायज केलं आहे. इथेच मुलांनी दोन वाक्यांतला फरक समजून घ्यावा. ‘मी मांस खात नाही’ हे एक, आणि ‘मांस खाणं हा गुन्हाच’ हे दुसरं. मांस खाणं कुणावर फर्ज नाही. पण हलालला हराम ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. कुर्बानीचा मसला तर त्याहून वेगळा. हनफी मसलकात ऐपत असलेल्यावर ती वाजिब आहे. कोकणातल्या आपल्या बहुतेक जमाती शाफई आहेत, तिथे ती सुन्नत-ए-मुअक्कदा आहे. शंका असेल तर इंटरनेटवर शोधण्याऐवजी आपल्या आलिमांना विचारा.

संशय का वाटतो?

प्राणीप्रेमाच्या नावाखाली आपल्या लोकांना मारहाण झाली आहे. 2015 पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि खाटीक, चामडं यांवर जगणाऱ्या घरांची रोजी गेली. त्यामुळे ‘प्राणी’ शब्द ऐकताच मनात धस्स होतं, हे आम्ही समजू शकतो. पण सगळे गट सारखे नसतात. ओळखायची एक सोपी रीत आहे. तो गट डेअरी, पोल्ट्री, चामडं यांबद्दल वर्षभर बोलतो का, की फक्त बकरी ईदलाच त्याला कंठ फुटतो? वर्षभर बोलत असेल तर मतभेद ठेवूनही त्याच्याशी बोलता येतं. फक्त ईदला बोलत असेल, तर आपल्या मुलांनीच तिथं उभं राहून ‘हे बरोबर नाही’ असं म्हणावं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 28 नुसार धर्माने सांगितलेल्या पद्धतीने केलेली जबह हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, हेही त्यांना माहीत असावं.

त्याच कायद्यात जनावराला हाल होतील अशा रीतीने नेणं मात्र गुन्हा आहे. पाय बांधून गाडीच्या डिकीत कोंबलेला बकरा पाहून मूल बोलत असेल, तर ते व्हेगन झालं म्हणून नाही, दीनची ताकीद आठवली म्हणून बोलतंय असं समजा.

घरच्यांनी काय करावं?

जाणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगा. व्हेगन म्हणजे हलाल असं नाही. व्हेगन पदार्थात किंवा पार्टीत दारू असू शकते, तेव्हा विचारूनच खावं. दुसरं, पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच, त्यात दूध असू शकतं. व्हेगन पदार्थांसाठी आपल्या देशात वेगळं चिन्ह आहे, हिरवा इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर पान. जिलेटिन आहे का म्हणून आपण पाकीट उलटंपालटं करून वाचतोच, ती सवय इथेही कामाला येते.

तब्येतीचंही पाहा. दूध, अंडी, मांस सगळं सुटलं की बी-12 जीवनसत्त्व कमी पडतं. नुसत्या डाळी-भाज्यांनी ते भरून निघत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा.

आणि ईदच्या दिवशी त्या मुलाच्या ताटात तेलातली मसूर, तांदळाची भाकरी, नारळाची चटणी मायेने वाढा. त्यानेही शेजाऱ्यांकडे, गरिबांकडे कुर्बानीचा हिस्सा पोचवायला जावं. खाण्यावरून घर तुटण्याइतकं यात काही नाही.