रिफायनरीचं तेलकट पाणी मेम्ब्रेनने स्वच्छ होतं, पण मग तेल जातं कुठे?

लांज्याहून मुंबई-गोवा हायवेने दक्षिणेला निघालं की पुढचा तालुका राजापूर. आधी नाणार, मग बारसू. रिफायनरीचा वाद इथे अनेक वर्षं गाजतोय. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला विरोध झाला. या सगळ्या चर्चेत आंबा, काजू आणि मासळीवर जगणाऱ्यांचा एक प्रश्न असतोच: सांडपाण्याचं काय? त्यावरचं एक तांत्रिक उत्तर म्हणजे मेम्ब्रेन. ते नेमकं काय करतं?

तेल पाण्यात येतं कसं?

कच्च्या तेलात मीठ असतं. ते काढायला तेल पाण्याने धुतात आणि ते पाणी तेलकट होतं. मोठे थेंब आमटीवरच्या तवंगासारखे वर येतात, ते काढून घेता येतात. पण २० मायक्रॉनपेक्षा बारीक थेंब दुधातल्या स्निग्धांशासारखे पाण्यातच राहतात. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.)

मेम्ब्रेन काय करतं?

अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेनची छिद्रं साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची असतात. दाब दिला की पाणी पलीकडे जातं, तेलाचे थेंब अलीकडेच अडकतात. विरघळलेलं मीठ मात्र यातून निसटतं. त्यासाठी पुढे आरओ लागतो.

अडचण कुठे आहे?

तेल चिकटून छिद्रं बुजतात. मेम्ब्रेन वारंवार रसायनांनी धुवावं लागतं. सिरॅमिकचं मेम्ब्रेन जास्त टिकतं, पण महाग पडतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या घरच्या आरओला दोन नळ्या असतात: एक प्यायच्या पाण्याची, दुसरी टाकाऊ पाण्याची. इथेही तसंच. मेम्ब्रेन तेल नष्ट करत नाही, एका बाजूला गोळा करतं. त्या दाट, तेलकट गाळाची विल्हेवाट वेगळी लावावी लागते.

मग काय विचारायचं?

भारतात रिफायनरीच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीसची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अशा १० लाख लिटर पाण्यातून ५ किलो तेल बाहेर जातं.

म्हणून कुठल्याही प्रकल्पाबद्दल 'पाणी शुद्ध करणार का?' एवढंच विचारून भागत नाही. रोज किती पाणी बाहेर सोडणार आणि दुसऱ्या नळीतलं कुठे जाणार, हेही विचारा.