करोना कधीच गेला, मग खोकला कशाचा?

“याला लहानपणी करोना झाला होता, तेव्हापासून छाती कमजोर आहे.” पंचवटीतल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य आम्ही अजून ऐकतो. पोर दर हिवाळ्यात खोकतं, खेळताना दमतं, आणि घरचे करोनाला दोष देऊन गप्प बसतात. आम्हाला काळजी आहे ती या गप्प बसण्याची.

जर्मनीतल्या डॉक्टरांनी ऑगस्ट 2020 ते मार्च 2021 या काळात करोना होऊन गेलेली 5 ते 18 वर्षांची 73 मुले तपासली. नळीत जोराने फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद मोजली आणि करोना न झालेल्या 45 मुलांशी ताडून पाहिली. ठळक फरक दिसला नाही. आजार जोराचा झालेल्यांत मात्र फुप्फुसात हवा कमी मावत होती. 73 मुले म्हणजे फार नव्हेत, पण सौम्य करोनाने छाती कायमची खराब होते ही समजूत यातून टिकत नाही.

मग खोकला कशाचा? रात्री-पहाटे वाढत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दमा असू शकतो. पंपाची सवय लागते म्हणून आया घाबरतात. ही भीती खोटी आहे. पंपातले औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून ते थोडेच लागते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, बारीक ताप, वजन न वाढणे, घरात कुणाला टीबी झालेला असणे, यातले काहीही असेल तर टीबीची तपासणी कराच. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, म्हणून ‘बेडका नाही, म्हणजे टीबी नाही’ असे समजू नये. सरकारी आणि मनपाच्या दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी दरमहा 1000 रुपयेही खात्यावर जमा होतात.

आणि धूर! नाशिकची थंडी पडली की दारोदार शेकोट्या पेटतात, त्यात प्लास्टिकही जाते. चूल, विडी, डासांची कॉइल हे सगळे त्याच एका खोलीत. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढची अगरबत्तीसुद्धा दमेकरी मुलाला सोसत नाही. वंदना फुलांनीही होते.

श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.